पिन किती झिजली, चकती किती झिजली

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिरॅमिकचे कण मिसळले की झीज कमी होते, हे वाक्य मी पदव्युत्तर प्रकल्प हातात घ्यायच्या आधीच इतक्या ठिकाणी वाचलं होतं की त्यात आणखी बघण्यासारखं काही उरलंय असं वाटत नव्हतं. त्यामुळे सरांनी हाच विषय दिला तेव्हा जरा हिरमोडच झाला. ए३५६ ही ॲल्युमिनियमची ओतीव मिश्रधातू घ्यायची, त्यात सिलिकॉन कार्बाइडचे कण घालायचे, स्टर कास्टिंग म्हणजे वितळलेला धातू ढवळत कण मिसळून ओतकाम करायचं आणि पिन-ऑन-डिस्क यंत्रावर, म्हणजे त्या मालाची पिन फिरत्या पोलादी चकतीवर दाबून, घासून बघायचं. कागदावर चार ओळींचं काम. त्यातला निम्मा काळ कण धातूच्या आत घालण्यातच गेला. उरलेल्या निम्म्यात लक्षात आलं की ‘झीज कमी होते’ या वाक्यातून कुणाची, कशावर घासल्यावर आणि किती भाराखाली, हे सगळं सोयीस्करपणे गाळलेलं असतं.

आधी हा खटाटोप कशासाठी ते सांगते. ॲल्युमिनियम हलकं, ६६० अंश सेल्सिअसला वितळणारं, उष्णता झटकन वाहून नेणारं. पण पोलादावर कोरडं घासलं की त्याचे पापुद्रे सुटतात आणि समोरच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतात. मग ॲल्युमिनियम ॲल्युमिनियमवरच घासायला लागतं आणि सगळं आणखी बिघडतं. सिलिकॉन कार्बाइडचा कडकपणा विकर्स मापात २५०० च्या आसपास; आमची ओतीव ए३५६ उष्णोपचाराआधी शंभराच्या बरीच खाली. असे कडक कण मऊ धातूत पेरले तर भार ते उचलतील आणि मऊ धातू बचावेल, ही मूळ कल्पना. १९८३ च्या सुमारास टोयोटाने डिझेल इंजिनाच्या पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेपाशी सिरॅमिकचे तंतू घातले होते ते याच हिशेबाने. कणांचा मार्ग त्याहून स्वस्त आणि सोपा मानला जातो.

सोपा कुणासाठी, हे मात्र विचारायला हवं होतं.

वितळलेल्या ॲल्युमिनियमवर सिलिकॉन कार्बाइडची पूड टाकली तर काय होईल? पुडीची घनता ३.२, द्रव धातूची २.४ च्या आसपास, म्हणजे पूड बुडायला हवी. ती बुडत नाही. अळवाच्या पानावर पाणी राहतं तसा द्रव धातू कणापासून अंग चोरून राहतो, कणाला भिजवतच नाही. वरून धातूवर ऑक्साइडची कातडी असते, तिच्यावर पूड निवांत बसून राहते. ढवळलं तर कातडीसकट गोळा होऊन मुशीच्या कडेला लागते. तापमान हजार अंशांच्या आसपास नेलं तर धातू कणांना भिजवायला लागतो, पण तिथे दुसरंच संकट उभं राहतं. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन कार्बाइड यांची रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं. ते ठिसूळ असतं आणि पाण्याशी, अगदी हवेतल्या दमटपणाशीही क्रिया करून मिथेन सोडतं. असा नमुना पाण्याने घासून पॉलिश करून ठेवला तर पृष्ठभागावर आपोआप खड्डे पडत जातात. ए३५६ निवडायचं एक कारण हेच. तिच्यात ७ टक्के सिलिकॉन असतं, आणि धातूत आधीच सिलिकॉन विरघळलेलं असेल तर ही क्रिया मागे ढकलली जाते. तरीही ७५० अंशांच्या वर जायचं नाही, असं आम्ही पक्कं ठरवलं होतं.

म्हणजे तापवून भिजवायचा रस्ता बंद. उरले दोन उपाय, आणि दोन्ही केले. पहिला, कण आधी हजार अंशांच्या वर काही तास भाजून घ्यायचे. त्यांच्यावर सिलिकाचा पातळ थर चढतो, ओल आणि चिकटलेले वायू निघून जातात. दुसरा, धातूत साधारण एक टक्का मॅग्नेशियम जास्तीचं घालायचं. मॅग्नेशियम त्या सिलिकाच्या थराशी क्रिया करतं, सीमेवर स्पिनेल (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) बनतं आणि धातू कणाला धरायला लागतो. मॅग्नेशियम नुसतं वर टाकलं तर पेट घेतं. म्हणून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून चिमट्याने थेट तळाशी दाबायचं. हे करताना तोंडावरची काच खाली ओढलेली आहे ना, हे काका, म्हणजे आमच्या भट्टीवरचे तंत्रज्ञ, दरवेळी स्वतः बघायचे. भट्टीचं दार उघडायच्या आधी त्यांची नजर माझ्या बुटांवरही जायची.

वायू काढायची गोळी कण टाकायच्या आधीच वापरायची. द्रव ॲल्युमिनियममध्ये हायड्रोजन विरघळतो आणि थिजताना बुडबुडे करून बसतो, म्हणून तो काढावा लागतो. पण कण आत गेल्यावर गोळी टाकली तर वर येणारे बुडबुडे कणही वर आणून सोडतात; इतकी मेहनत करून आत घातलेला माल मळीत जातो. क्रम चुकवून चालत नाही.

ढवळणीचं पातं पोलादाचं होतं, त्यावर झिर्कोनियाचा लेप. लेप नसेल तर गरम ॲल्युमिनियम पोलाद खात राहतं आणि धातूत लोखंड वाढतं. मोटर फिरायला लागली की मधोमध भोवरा पडतो, त्या भोवऱ्याच्या उतारावर गरम पूड बारीक धारेने सोडायची. धार जाड झाली की गुठळ्या. ढवळणं जोरात केलं तर भोवरा हवाही ओढतो, हळू केलं तर पूड वरच. कागदावरचे आकडे इथे फारसे कामाला येत नाहीत. पात्याची उंची, मुशीचा व्यास, धातू किती भरलाय, यावर सगळं बदलतं. शेवटी जमलं ते अर्धवट थिजलेल्या अवस्थेत. ए३५६ साधारण ६१५ अंशांना थिजायला लागते आणि ५५७ च्या आसपास पूर्ण घट्ट होते. या पट्ट्यात धातू चिखलासारखा दाट असतो. त्यात ढवळत कण टाकले की घन झालेले ॲल्युमिनियमचे दाणे कणांना मध्ये अडकवून धरतात, त्यांना वर निसटायला वाव राहत नाही. मग पुन्हा तापवायचं, परत ढवळायचं आणि ओतायचं. पातं त्या वेळी कुरकुरतं आणि मोटरचा आवाज बदलतो. काका थर्मोकपलपेक्षा, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेपेक्षा, त्या आवाजावर जास्त विश्वास ठेवायचे, आणि त्यांचं क्वचितच चुकायचं.

एकदा कण आत गेले की ते उलट बुडायलाच बघतात. आमचे कण ४० मायक्रॉनच्या आसपासचे होते. एकट्या कणाचा स्टोक्सच्या नियमाने हिशेब मांडला तर तो सेकंदाला अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त खाली जातो. दहा सेंटिमीटर खोल धातूत तीनेक मिनिटांत तळ गाठेल. कणांची गर्दी असते म्हणून प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ मिळतो, पण ढवळणी थांबवून साचा शोधत बसायला सवड नसते. साचा आधीच तापवून ठेवलेला, पातं बाहेर, मूस वर, ओतणं एका दमात.

ओतलेला तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा कण सगळीकडे सारखे पेरलेले दिसतील, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. थिजताना ॲल्युमिनियमचे वृक्षासारखे दाणे वाढतात, ते कणांना पुढे ढकलत नेतात आणि कण शेवटी थिजणाऱ्या गल्ल्यांमध्ये सिलिकॉनबरोबर जमा होतात. साचा थंड असेल तर दाणे बारीक, गल्ल्या जवळजवळ, आणि विखुरणी त्यातल्या त्यात बरी. पुढे झिजेच्या चाचणीत एकाच तुकड्यातल्या दोन पिनांचे आकडे जुळत नाहीत, त्याचं मूळ बरेचदा इथे असतं.

पिना करून घेण्यासाठी वर्कशॉपमध्ये गेले. टर्नरदादांनी तुकडा हातात घेऊन तोलला, हसले आणि साधी हायस्पीड स्टीलची टूल लावली. अर्ध्या फेऱ्यातच कापाचा आवाज बदलला. त्यांनी लेथ थांबवली, टूलची धार अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली आणि मला दाखवली. धार गोल झाली होती.

“अगं, ॲल्युमिनियम म्हणालीस ना तू?”

“ॲल्युमिनियमच आहे दादा. आत थोडी भर आहे.”

“थोडी? ही तर टूलला धार लावायची वस्तू आणलीस.”

ग्राइंडिंग व्हीलमध्ये जे असतं तेच आत आहे, हे सांगितल्यावर त्यांनी कार्बाइडची टिप लावली. तीही लवकर बोथट झाली. या मालासाठी खरं साधन म्हणजे कृत्रिम हिऱ्याची टिप. ती मिळेपर्यंत मी वायर कटवर, म्हणजे तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापणाऱ्या यंत्रावर, तुकडे काढून घेतले, तेही रडतखडत, कारण तार वीज न वाहणाऱ्या कणांच्या जागी अडखळते. पॉलिशिंगचंही तसंच. आपला नेहमीचा एमरी पेपर सिलिकॉन कार्बाइडचाच असतो. त्याने कण कापले जात नाहीत, आजूबाजूचा मऊ धातू खरवडला जातो आणि कण उंचवटे होऊन राहतात किंवा उपटून निघतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते रिकामे खळगे सच्छिद्रतेसारखे दिसतात. हिऱ्याच्या पेस्टवर गेल्यावर चित्र बदललं. सच्छिद्रता मोजायला डोळ्यांपेक्षा वजन बरं: वजनाने १० टक्के कण म्हणजे घनफळाने साधारण साडेआठ टक्के, आणि पोकळी अजिबात नसेल तर घनता २.७२ यायला हवी. पाण्यात वजन करून त्याहून जितकी कमी भरेल तितकी हवा.

आता पिन-ऑन-डिस्क. यंत्र साधं असतं. कडक केलेल्या बेअरिंग पोलादाची चकती, कडकपणा ६० रॉकवेल सीच्या आसपास, ग्राइंड करून गुळगुळीत केलेली. तिच्यावर ८ मिलिमीटर व्यासाची पिन उभी धरायची, तरफेला वजन लावायचं, चकती फिरवायची. घासणीचा मार्ग १०० मिलिमीटर व्यासाचा घेतला आणि चकती मिनिटाला १९१ फेरे फिरवली की वेग सेकंदाला एक मीटर होतो. एक किलोमीटर घासायला सतरा मिनिटंही लागत नाहीत. पिन ॲसिटोनने धुवायची, वाळवायची, एक दशांश मिलिग्रॅम दाखवणाऱ्या तराजूवर आधी आणि नंतर तोलायची. पिनेचं तोंड चकतीवर नीट बसलेलं नसेल तर सुरुवातीला फक्त एक कडा घासते आणि आकडा भलताच येतो. म्हणून आधी तोंड बसवून घ्यायचं, मग मोजणी.

यंत्राला एलव्हीडीटी नावाचा सरक मोजणारा संवेदक असतो, तो पिनेची उंची किती कमी झाली ते पडद्यावर दाखवत राहतो. रेघ पाहायला छान वाटते. पण समजा पिनेचं वजन ५ मिलिग्रॅमने घटलं. घनता २.७२ धरली तर १.८४ घनमिलिमीटर धातू गेला, म्हणजे ८ मिलिमीटरच्या पिनेची उंची जेमतेम ३७ मायक्रॉनने कमी झाली. आणि ३० मिलिमीटर लांबीची तीच पिन घर्षणाने सरासरी ५० अंश तापली तर प्रसरणाने ३० मायक्रॉन लांब होते. झीज आणि वाढ जवळपास एकमेकांना खाऊन टाकतात. पडद्यावरची रेघ आडवी दिसते आणि माणूस खूश होतो. म्हणून मी तराजूचाच आकडा धरला, रेघ फक्त मध्येच काही बिनसलं का हे पाहायला.

नुसती ए३५६ घासली तेव्हा चकतीवर रुपेरी पट्टा उमटला. चिकटलेलं ॲल्युमिनियम. भार वाढवल्यावर ती खरखरायला लागली, पत्र्यासारखे चकचकीत तुकडे उडाले आणि घर्षणाची रेघ वरखाली नाचायला लागली. कण घातलेली पिन घासली तेव्हा आवाज बारीक आणि एकसुरी, चकतीवर काळपट पट्टा, खाली पडलेली भुकटी काळसर तपकिरी आणि पिठूळ. तराजूवर पिनेची घट बरीच कमी. हलक्या भाराची एक पिन तर आधीपेक्षा किंचित जड निघाली. पुन्हा धुतली, पुन्हा वाळवली, पुन्हा तोलली. जडच.

सर म्हणाले, “भुकटी टाकलीस का गं?”

टाकली नव्हती, प्रत्येक चाचणीची वेगळ्या पुडीत बांधून ठेवली होती. त्यांनी पांढरा कागद मागवला, त्यावर ती काळी भुकटी पसरली आणि कागदाखालून चुंबक फिरवला. भुकटीची अख्खी रांग चुंबकामागे सरकत गेली, टोकांवर उभी राहिली. मग नुसत्या ए३५६ ची रुपेरी भुकटी घेतली. तिच्यातले एखाद-दुसरे ठिपके हलले, बाकी ढिम्म. ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही, सिलिकॉन कार्बाइडही नाही. जे धावत होतं ते चकतीचं लोखंड होतं.

मग चकती बघितली. ती किलोच्या घरात, त्या नाजूक तराजूवर चढवायची सोय नव्हती; म्हणून घासणीच्या पट्ट्यावरून आडवी सुई चालवून तिची खोली काढली. नुसत्या मिश्रधातूखाली पट्टा उंचावलेला, कारण ॲल्युमिनियम चिकटलेलं. कणवाल्या पिनेखाली स्पष्ट खाच. कडक कणांनी पोलाद खरवडलं, ते लोखंड हवेत ऑक्साइड झालं, ॲल्युमिनियम आणि कणांच्या तुकड्यांबरोबर मळलं गेलं आणि पिनेच्याच तोंडावर थापलं गेलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात पिनेचं तोंड खपल्यांनी भरलेलं दिसलं, आणि त्या खपल्यांवर मूलद्रव्यांची तपासणी केली तर लोखंड आणि ऑक्सिजनची शिखरं ठळक. ही मिसळलेली कडक खपलीच पुढे पिनेला वाचवत असते. पिनेचं वजन वाढण्याचं रहस्यही तेच. पिन टिकली ती काही अंशी चकतीच्या जिवावर.

आर्चर्डचं १९५३ चं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: झिजलेलं घनफळ भाराच्या आणि अंतराच्या प्रमाणात, कडकपणाच्या व्यस्त प्रमाणात. मी उत्साहाने आमच्या नमुन्यांच्या कडकपणाचे ब्रिनेल आकडे त्यात घालून पाहिले होते. कण घालून एकूण कडकपणा जितका वाढतो त्याच्या मानाने झिजेतली घट फार मोठी येते. बाकीचा सगळा फरक त्या सूत्रातल्या स्थिरांकात जातो, आणि स्थिरांकात काय काय दडलंय हे चुंबकाने दाखवलं. तेव्हापासून नुसत्या कडकपणाच्या आलेखावरून झिजेचं भाकीत करणारा निबंध दिसला की मी आधी चकतीबद्दल काय लिहिलंय ते शोधते. बहुतेक वेळा एका ओळीत आटोपलेलं असतं.

भार वाढवत नेल्यावर चित्र पुन्हा पालटलं. घासलेली पिन उभी कापून तोंडाखालचा भाग पाहिला. पृष्ठभागालगतच्या पट्ट्यात सिलिकॉनचे बारीक दाणे घासणीच्या दिशेने ओढले जाऊन रांगेत वळले होते, आणि सिलिकॉन कार्बाइडचे मोठे कण जागच्या जागी फुटले होते. कण अखंड असतो तोवर भार उचलतो. फुटला की तोच भेगेला वाट करून देतो, खालून थर सुटतो आणि पापुद्रा निघतो. या टप्प्यात कणवाली आणि बिनकणांची पिन यांच्या झिजेत फारसं अंतर राहिलं नाही. अजून भार वाढवल्यावर मात्र नुसती ए३५६ लोण्यासारखी पसरून चकतीला धरून बसायला लागली, तर कणवाली तिथेही तग धरून होती. तापलेल्या धातूला आतून टेकू असतो, त्यामुळे मोठ्या झिजेकडे जाणारी उडी उशिरा येते. माझ्या मते या मालाचा खरा फायदा हाच आहे. हलक्या भारातल्या मोठ्या टक्केवाऱ्या तक्त्यात शोभतात, पण यंत्र बंद पडतं ते त्या उडीपाशी.

गमतीने चकतीवर एमरी पेपर चिकटवूनही पाहिलं. समोर तितकाच कडक कण आल्यावर सिलिकॉन कार्बाइडचा मोठेपणा फारसा चालला नाही.

ब्रेकच्या चकत्यांना हा पदार्थ वापरतात तेव्हा हाच प्रश्न उलट्या बाजूने येतो. १९९६ च्या सुरुवातीच्या लोटस एलिस गाड्यांना ॲल्युमिनियम-सिलिकॉन कार्बाइडच्या ब्रेक चकत्या होत्या. तिथे कणवाला पदार्थ फिरणारा आणि मऊ असतो तो पॅड. नेहमीचा पॅड लावला तर कण त्याला किसून काढतील. म्हणून पॅडचं मिश्रण असं ठेवावं लागतं की त्याचाच पातळ थर चकतीवर बसेल आणि घर्षण त्या थरावर होईल.

अहवालात मी झिजेचा तक्ता दोन स्तंभांचा केला, पिनेचा आणि चकतीचा. चकतीचा स्तंभ कशाला, असं विचारणारे भेटले; सरांनी तो काढू दिला नाही. नंतरच्या ओतणीत कणांबरोबर थोडं ग्रॅफाइट घातलं. ग्रॅफाइटची घनता २.२ च्या आसपास, द्रव धातूहून कमी, त्यामुळे ते तळाशी न जाता वर येऊ बघत होतं आणि ढवळणीची सगळी गणितं पुन्हा मांडावी लागली. पण घासताना त्याचा पातळ थर दोन्ही पृष्ठभागांवर पसरला, चकतीवरची खाच उथळ झाली आणि टर्नरदादांची टिपही जास्त टिकली. कडकपणा मात्र उतरला, आणि जड भाराला पिन आधीच्यापेक्षा लवकर हार मानायला लागली.